खुन्याची सत्तेचाळीस पावलं

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, हिला आता पत्राची हुक्की कुठून आली. फोन आहे, आणि वाढदिवसाला आपण तो करतोही. पण आपला फोन कसा होतो ते तुलाही माहीत आहे. तुझी तब्येत, माझी तब्येत, तुमच्याकडचं ऊन, आमच्याकडचं ऊन, भाऊजींचा नवा चष्मा, आणि चौथ्या मिनिटाला तुझं "बरं, ठेवते". तीन वर्षांत पाचवं मिनिट कधी उजाडलंच नाही. पत्रात तुला "ठेवते" म्हणता येणार नाही. शिवाय तू औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई, तेव्हा हे अर्धवट टाकणार नाहीस असा माझा अंदाज आहे. चहा करून घे आणि बस निवांत, मी लांबण लावणार आहे.

आधी बातमी. ज्या थरारमालिकेसाठी गेले आठ महिने आम्ही सगळे स्टुडिओत राबत होतो, तिचा पहिला भाग गेल्या शुक्रवारी लागला. तू पाहिला नसशील, आणि पाहिला असलास तरी ऐकला नसशील. तू हल्ली टीव्हीचा आवाज बंद करून नुसत्या खालच्या ओळी वाचत बसतेस, असं भाचीनं मला सांगितलंय. तिला वाटतंय आईचे कान गेले. तुझे कान कसे आहेत ते मला माहीत आहे, पण मी काही बोलले नाही. तर तुझ्यासाठी थोडक्यात सांगते. एक वकीलबाई. सुरुवातीलाच तिच्या ऑफिसच्या पहारेकऱ्याचा खून होतो. मग पाऊण तास चौकशी, संशय, आरडाओरडा. आणि शेवटी, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना ती एकटीच खोलीत असते आणि बंद दाराबाहेरून कुणीतरी चालत येतं. आपल्याला दिसतो तो फक्त तिचा चेहरा. पावलं जवळ येतात, दाराशी थांबतात. तीन सेकंद काहीच नाही. मग ती पुढे निघून जातात, आणि भाग संपतो.

शनिवारी सकाळपासून समीक्षकांचा नुसता पाऊस. एकानं लिहिलं, कथा कासवाच्या गतीनं सरकते. दुसऱ्यानं लिहिलं, कथा इतकी धावते की प्रेक्षकाला धाप लागते. दोघांनी एकच भाग पाहिला होता ना, अशी मला शंका आली. एका मोठ्या वर्तमानपत्रातल्या गृहस्थांनी तर छातीठोकपणे जाहीर केलं की चाणाक्ष प्रेक्षक खुनी पहिल्याच भागात ओळखेल, तो माळी आहे. ताई, या मालिकेत माळी नाही. बागच नाही! एक कुंडी आहे खिडकीत, तीही प्लास्टिकच्या झाडाची. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. एका बाईंना वकीलबाईचं काम आवडलं पण केस आवडले नाहीत, आणि त्यांनी केसांवर दोन परिच्छेद लिहिले. पहारेकऱ्याची मान मोडताना जो आवाज होतो, ती दोन गाजरं ओल्या फडक्यात गुंडाळून मी मोडली होती, चौदा वेळा. त्या गाजरांबद्दल कुणी एक ओळ खरडली नाही. अठ्ठावीस गाजरं! मग आठवडाभर आमच्या घरी तो पहारेकरीच शिजत होता.

पण एका गोष्टीवर मात्र या सगळ्यांचं एकमत झालं, आणि ते सांगताना मला आत्ताही हसू आवरत नाही. शेवटची पावलं. कासववाले, धापवाले, केसवाल्या बाई, सगळे त्या पावलांवर फिदा. कुणी म्हणालं, गेल्या दहा वर्षांत पडद्यावर इतकी भीती वाटली नव्हती. उजवा पाय कसा ठामपणे पडतो आणि डावा कसा किंचित मागे रेंगाळत येतो, जणू विचार करून टाकलेला. एका व्हिडिओवाल्यानं तर बावीस मिनिटं फक्त पावलांवर घालवली. मोजली त्यानं, सत्तेचाळीस. त्यावरून त्यानं काढलेलं अनुमान ऐक: खुनी पुरुष आहे, उंची सहा फूट, वजन ऐंशी ते पंच्याऐंशी किलो, सैन्यातून आलेला, डाव्या पायात जुनी गोळी. पावलांच्या मागे बारीक खणखण ऐकू येते, ते लपवलेलं हत्यार. आणि चोविसाव्या पावलाला जमिनीचा आवाज बदलतो, लाकूड संपून लादी लागते, त्याअर्थी तिथे गुप्त खोली असणारच. आमच्या दिग्दर्शकबाईंनी हे ऐकून सहाव्या भागात खरोखरच एक गुप्त खोली घुसवली आहे.

आणि ते तीन सेकंद. त्यांच्यावर तर लोक हातघाईवर आलेत. खुनी का थांबला? दया आली म्हणून? कुणी येताना दिसलं म्हणून? की आत कोण आहे ते त्याला माहीत होतं म्हणून? आमच्या समोरच्या वहिनींच्या मते तो दार वाजवणार होता, पण त्याला कुणाचा तरी फोन आला. मी म्हटलं, फोन वाजला नाही की. तर म्हणाल्या, थरथरणारा फोन असेल, खुनी लोक आवाज बंद ठेवतात. या वहिनींना मी एकदा सांगून बसले होते की पडद्यावरची पावलं नटांची नसतात, आम्ही नंतर खोलीत उभ्या राहून, चित्र बघत बघत, लादीवर नाहीतर खडीवर चालून ती भरतो. त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मात्र माझ्याकडे अशा बघतात, जणू खुनी माझ्या ओळखीचा आहे.

आमच्या इमारतीत तर धमालच चालली आहे. जिन्यात कुणी जरा पाय ओढला की दारं किलकिली होतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांचा गुडघा दुखतो. बिचारे दुधाची पिशवी घेऊन वर यायला लागले की दुसऱ्या मजल्यावरची चिल्लीपिल्ली किंचाळत आत पळतात. मी त्यांची क्षमा मागायला गेले, तर स्वारी खूश! म्हणाले, चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे आत्ता बघतायत. आता ते मुद्दाम हळू चढतात.

शनिवारी संध्याकाळी स्टुडिओत छोटंसं कौतुक होतं. निर्माते, दिग्दर्शकबाई, नट, पन्नासेक माणसं. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की आज देशभर जिची चर्चा आहे ती पावलं चालणारी बाई इथे कोपऱ्यात लपून बसली आहे. मला उभं केलं. टाळ्या झाल्या, ताई, चांगल्या मिनिटभर. आणि मी उभी राहिले. हसले. हात जोडले. ते वाजवत होते आणि मी घेत होते. कानसेन मागच्या भिंतीला टेकून उभे होते, ते तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. (हो, आपले कानसेन अजून मिक्सिंगला आहेत, अजून दिवसाला एकूण सहा वाक्यं बोलतात.) आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी होते.

कारण ती पावलं माझी नाहीत. मी आयुष्यभर हात केले, पाय तुझे होते. मी कापड सळसळवलं, कप ठेवले, गाजरं मोडली. तू चाललीस. एकवीस वर्षं राण्या, मोलकरणी, पोलीस, सासवा आणि दोन भुतं तू चाललीस. आणि गेल्या शुक्रवारचा खुनीही तूच चाललीस. सहा फूट उंच, पंच्याऐंशी किलोचा, सैन्यातला माणूस! आणि तू पाच फूट, सत्तेचाळीस किलो, तेही ओल्या टॉवेलसकट. ते जड पाऊल हाडांच्या डॉक्टरांनी तुला दिलेल्या जाड तळव्याच्या बुटांचं. आणि ते लपवलेलं हत्यार, ज्याच्यावर तिघा विद्वानांनी लेख पाडले, तो तुझ्या पिशवीतल्या रिकाम्या डब्यातला चमचा आहे. हसलीस ना? हस. पुढचं लिहायला मला तेवढाच आधार.

साडेतीन वर्षांपूर्वी तू स्टुलावरून पडलीस, डावा घोटा मोडला, दीड महिन्यानं परत आलीस. चालताना तुझ्यात काही वावगं दिसत नव्हतं, पण माइकला ऐकू येत होतं. तेव्हाच्या त्या कौटुंबिक मालिकेच्या निर्मात्यांनी मला आणि कानसेनांना बाजूला घेऊन विचारलं, आमची नायिका लंगडते का हो? मी म्हटलं, ताईला काही बोलू नका, मी बघते. तुला सांगायचं सोडून मी काय केलं, तर रोज संध्याकाळी तू घरी गेलीस की तुझे कामाचे उंच टाचांचे बूट पायात अडकवून तुझी सगळी पावलं पुन्हा चालले. चार महिने. तुझे बूट मला एक नंबर लहान, त्यामुळे घरी जाताना माझेच पाय लंगडत होते. हे सगळं मायेपोटी करतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माया होतीच. पण त्याहून जास्त भीती होती. तुझ्या तोंडावर ते वाक्य बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुझ्या पाठीमागे तुझं काम पुसत राहिले. ताई, चुकलं माझं. हे मी तीन वर्षांत एकदाही म्हटलं नाही, ऊन-पावसाचं मात्र सगळं सांगितलं.

मग तो दिवस. तू चष्मा विसरलीस म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आलीस, आणि मी तुझ्या टाचा घालून रेकॉर्डिंगच्या लाकडी फळ्यांवर उभी. तू काही बोलली नाहीस. कपाटावरचा चष्मा घेतलास, पिशवी खांद्याला लावलीस आणि निघालीस. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन, ती आता घरीच आराम करणार म्हणते. आता तुला जे माहीत नाही ते सांगते. मी तेव्हा रेकॉर्डिंग करत होते. लाल दिवा चालू होता, माइक चालू होता. तू फळ्यांवरून दारापर्यंत गेलीस, तेवीस पावलं. मग बाहेरच्या लादीवरून जिन्यापर्यंत, चोवीस. ते सगळं माइकनं टिपलं. बेचाळीस सेकंद आहेत ते. मी पुसले नाहीत. "तपासणी" असं नाव देऊन ठेवून दिले, आणि रोज सकाळी कामाला बसताना हेडफोनचे दोन्ही कान नीट आहेत ना ते बघायला तेच लावते. म्हणजे लोकांना तसं सांगते.

या मालिकेच्या वेळी मी खुनी स्वतः चालले होते, पुरुषी बूट घालून, अकरा वेळा. ती सगळी पावलं कानसेनांकडे पाठवली, आणि नेहमीप्रमाणे त्या फायलींच्या डोक्यावर "तपासणी" होतीच. ती त्यांनी पहिला प्रयत्न समजून उचलली आणि दारामागे लावली. शुक्रवारी घरी बसून भाग बघताना तुझं पहिलं पाऊल ऐकलं आणि मी उठून टीव्हीला कान लावला. सोमवारी कानसेनांना गाठून विचारलं, तुम्ही ही कशी घेतलीत? म्हणाले, चुकून. ताई, या माणसानं तुझी पावलं एकवीस वर्षं कानात घेतली आहेत. तुला सर्दी झाली तर तुझ्या चालण्यावरून ओळखायचे. मी म्हटलं, चुकून? तर पुन्हा म्हणाले, चुकूनच, आणि त्यांचे कान लाल झाले.

त्याच दिवशी मी दिग्दर्शकबाईंपुढे जाऊन सगळं ओकले. टाळ्या परत घ्या, म्हटलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. त्या तुमच्यावर रागावल्यात का? आणि त्या मोकळ्या आहेत का? पहिल्याचं उत्तर मी हो दिलं. दुसऱ्याचं मला माहीत नव्हतं. त्यांनी शब्द दिलाय की तुझी परवानगी नसेल तर पहिल्या भागातून ती पावलं काढून माझी बसवतील, समीक्षकांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे. परवानगी असेल तर तुझं नाव पडद्यावर येईल, एकटं, पूर्ण पाटीभर. आणि चौथ्यापासून पुढचे सगळे भाग तू चालायचे. मी करून पाहिलं गं. डाव्या बुटात खडा घातला, पेन्सिलचा तुकडा घातला, शेवटी पायाला पट्टी बांधून चालले. बाई म्हणाल्या, हा खुनी नाही वाटत, हा कुणीतरी खुन्याची नक्कल करतोय. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात तर खुन्याला चालूच दिलेलं नाही. बिचारा एका भागात गाडीत बसून आहे, एकात लिफ्टमध्ये उभा आहे. चौथ्याचं रेकॉर्डिंग अठरा तारखेला आहे, त्यात त्याला चालावंच लागणार आहे. ज्या पायाला आम्ही दोष म्हटलं, त्याच पायासाठी आता सगळे अडून बसलेत. पण तू त्यांच्यासाठी येऊ नकोस, आणि नाही म्हणायचं असेल तर बेधडक नाही म्हण. तेवढं विचारायचं तर मी फोनच केला असता, चार मिनिटं पुष्कळ झाली असती.

हे पत्र त्या तीन सेकंदांसाठी आहे. सगळे विचारतायत खुनी दाराशी का थांबला, आणि ते फक्त मला माहीत आहे. आधी मला वाटायचं, तू वळून मला दोन शब्द सुनावणार होतीस. पण तीन वर्षं रोज सकाळी ऐकून आता ते मला पाठ झालंय. मी तेव्हा मान खाली घालून उभी होते, पण त्या तीन सेकंदांत चमचा एकदाही वाजत नाही. म्हणजे तू वळली नाहीस, पिशवी सावरली नाहीस, जागची हललीसुद्धा नाहीस. मी हाक मारायची वाट बघत होतीस. आणि माझ्याकडूनही काही ऐकू येत नाही, एक फळीसुद्धा करकरत नाही. मी तुझ्या बुटांत तशीच उभी होते. मग चोविसावं पाऊल. ताई, एकदा पहिला भाग लाव, आणि आवाज सुरू कर. तेवीस पावलं मोज. त्यानंतर जिथे कुणीच काही बोलत नाही, तिथे मी आत्ता बोलते आहे असं समज. ताई, थांब. जाऊ नकोस. मागे फिर.

तुझीच,
तुझ्या टाचा अजून पुसून ठेवणारी
धाकटी